योकेचं स्वस्त तिकीट

हार्लेम या डच गावातल्या त्या गल्लीत कुणाला परदेशी जायचं ठरलं की आधी योकेच्या दाराची घंटी वाजायची. योके ब्राउवर म्हणजे जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेली बाई. सत्तरी उलटली तरी आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा. ती आलेल्याला कॉफी द्यायची, एक बिस्किट द्यायची, डबा बंद करायची आणि कॉम्प्युटरपुढे बसायची.

"विमानतळ इथं हाकेवर आहे, आणि तू मला जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला पाठवतेस?" शेजारचा ओन्नो कुरकुरला. त्याला लेकीकडे लिमाला जायचं होतं.

"मग जा की इथून. भर दोनशे युरो जास्त. तुला वर आलेत ना पैसे?"

"तिथवर बसमध्ये माझी कंबर मोडते गं."

"मोडू दे, कंबर मोडायचे पैसे पडत नाहीत. आणि शनिवारी नको, मंगळवारी जा. ब्रेड-चीज घरून ने. विमानतळावर खायला विकत घेतलंस तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

ओन्नो मुकाट्यानं ड्यूसेलडॉर्फहून गेला, आणि परत आल्यावर लेकीबद्दल कमी नि तिकिटाबद्दलच जास्त बोलला. इथली रीतच ती. कोट छान आहे म्हटलं की माणूस आभार मानायच्या आधी तो किती स्वस्तात मिळाला ते सांगतो.

आता गंमत बघा. अर्ध्या गल्लीला जग दाखवणारी ही बाई स्वतःच्या भावाकडे एकदाही गेली नव्हती. थोरला गेरिट तरुणपणीच कॅनडात गेला, गाई पाळल्या, संसार थाटला. तो दोनदा येऊन गेला. योके दरवर्षी त्याच्याकडचं तिकीट बघायची. वसंतात वाटायचं, पानगळीत दर उतरेल. पानगळीत वाटायचं, नाताळ उलटू दे. पैसे नव्हते असं नाही हो. पण जास्त मोजले म्हणजे आपण फसलो, हे तिच्या रक्तातच भिनलेलं. त्याला काय करणार?

सप्टेंबरात भाचीचा, ब्रेंडाचा, फोन आला. "आत्या, बाबांचं आता काही खरं नाही. भेटायचं असेल तर ये."

"नोव्हेंबरात दर निम्म्यावर येतो," योकेच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"नोव्हेंबरात बाबा नसतील, आत्या."

योकेला स्वतःची लाज वाटली. फोन ठेवला तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली. मग तिनं हाकेवरच्या विमानतळावरून दुसऱ्याच दिवशीचं थेट विमान घेतलं. चौदाशे युरो. बटण दाबताना तिनं डोळे मिटले. भावासाठी की पैशांसाठी, हे तिचं तिलाच कळेना. वाटभर ती मनात एकच म्हणत होती, मी येईपर्यंत राहा रे बाबा.

गेरिट राहिला होता. पार काडी झालेला, पण शुद्धीवर. बहिणीला बघून त्याचे डोळे भरले, तिचेही भरले, आणि दोघांनीही ते पुसून टाकले. ब्रेंडानं खुर्ची पलंगाशी सरकवली.

"कितीला पडलं?" गेरिटनं विचारलं.

खरं सांगावं, तर म्हातारा उरलेले दिवस तिच्या पैशांपायी हळहळत पडेल. आणि खोटं कशाला बोला, मनाच्या कोपऱ्यात थोडी फुशारकीही होतीच.

"तीनशे दहा," योके म्हणाली. "तेही थेट."

तो आता शाबासकी देईल म्हणून ती थांबली.

"एवढंच?" तो हळूच म्हणाला. "मग इतकी वर्षं आली का नाहीस गं?"

योकेला कळलं, खरा आकडा सांगितला असता, तरी प्रश्न हाच राहिला असता.