रजिस्टरात नसलेला एक तास दहा मिनिटं

घडीबाबू दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधायचे. डावं आपल्या वेळेचं आणि उजवं साडेपाच तास मागे, कारण विमानांच्या नोंदी जगभर त्या एकाच वेळेत होतात. कोणी हसलं की म्हणायचे, "हा हात घरचा, हा हात हवेचा." नागपुरातल्या आमच्या लहानशा विमानशाळेत ते उड्डाणांचं रजिस्टर लिहीत. स्वतः मात्र कधी विमानात बसले नाहीत. आग्रह केला तर म्हणत, "मी वर गेलो त खाली वेळ कोण लिहिन?"

चाकापुढचा लाकडी ठोकळा निघाला की त्यांची वेळ सुरू, परत लागला की बंद. परवान्यासाठी आम्हाला तास हवे असत. पाच-दहा मिनिटं वाढवून मिळावीत म्हणून आम्ही त्यांना समोसे खिलवायचो, वाट्टेल तेवढा मस्का लावायचो. ते समोसा चवीनं खात आणि मिनिटं होती तेवढीच लिहीत. त्यांचे वडील उमरेडला मागावर लुगडी विणायचे. "बापाले एक धागा चुकलेला चालत नव्हता, मले एक मिनिट चालत नाही," म्हणायचे. मला तेव्हा या ताठपणाचा भारी राग यायचा.

गेल्या महिन्यात माझ्या विमान कंपनीनं जुनी सगळी उड्डाणं डिजिटल लॉगबुकात भरायला सांगितली, म्हणून माझी शिकाऊ दिवसांतली वही काढली. तारीख, विमान, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ. प्रत्येक ओळ घडीबाबूंच्या रजिस्टरावरून उतरवलेली. एक सोडून.

ती ओळ माझ्या मनातली होती. एका नोकरीच्या अर्जाला एकट्यानं उडवल्याची एक तास दहा मिनिटं कमी पडत होती, मुदत संपत आली होती आणि विमान दुरुस्तीला गेलेलं. मी मागच्या आठवड्यातल्या एका दुपारी न केलेलं उड्डाण वहीत लिहून मोकळा झालो. एकट्याचं उड्डाण, साक्षीला कोण असणार?

पण चारच दिवसांनी आमच्या वह्या रजिस्टराशी ताडून पाहिल्या गेल्या. मुख्य प्रशिक्षकांनी घडीबाबूंच्या समोरच मला विचारलं. मी म्हणालो, "सर, मी उडवलं होतं. बाबूंचं लिहायचं राहिलं असेल."

घडीबाबूंनी त्या पानावरून दोनदा बोट फिरवलं. मला वाटलं, आता हे मला उघडं पाडणार. ते म्हणाले, "राहिलं असन सर. मी जेवाले गेलो असन तवा. पोराचं नुकसान नका करू."

माझा अर्ज गेला, नोकरीही लागली. निघेपर्यंतच्या दोन महिन्यांत मी रोज पाहत होतो, विमान उतरलं की घडीबाबू कोणालाही गाठून विचारत, "लिहिलं ना गा मी?" लिहिलेलं असायचंच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवरचा सोडला होता. एका वाक्यानं ते थांबवता आलं असतं. मी पेढे वाटून निघून आलो.

ती ओळ मी नव्या लॉगबुकात भरली नाही. आता हजारो तासांत एक तास दहा मिनिटं कमी झाली तर कोणाला पत्ताही लागत नाही. इतकं स्वस्तातलं प्रायश्चित्त मला पचेना. एका जुन्या मित्राकडून घडीबाबूंच्या मनीषनगरच्या घरचा फोन नंबर मिळवला. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, म्हणाली. मी नाव सांगताच तिनं ओळखलं.

"बाबा तुमची लय आठवण काढत, दादा. म्हणत, त्या पोराचं उड्डाण माह्याकडून लिहाचं राहिलं, पण तो एका शब्दानं रागावला नाही."

मी तिला सगळं खरं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आता मले काहून सांगून राहिले तुम्ही?" ती म्हणाली. "बाबाले सांगाचं होतं."