घड्याळजीची झोप

नारायण पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून मेहबूबभाईंचं घड्याळदुरुस्तीचं. मधे फक्त एक काच. गेली एकवीस वर्षं आम्ही सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत एकमेकांना दिसतो. इतका वेळ मी माझ्या नवऱ्यालाही पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल दोघांचीही तक्रार नाही.

मेहबूबभाई कामाला बसले की हलत नाहीत. डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, डावं मनगट टेबलाच्या कडेला टेकलेलं. एकदा अर्धा तास ते तसेच बसलेले पाहून मी घाबरले आणि काचेवर टकटक केली. मान न वळवता ते म्हणाले, "जिवंत आहे, सत्यशीलाबाई. पण तुमच्या टकटकीने स्क्रू उडाला. आता शोधायला या." मग आम्ही दोघं फरशीवर बसून तिळाएवढा स्क्रू शोधत होतो. गिऱ्हाईकं वरून बघत होती आणि कोणीही मदतीला वाकलं नाही. पुणं आहे.

हे न हलणं त्यांना उस्तादांनी शिकवलं. पंधराव्या वर्षी ते मंडईमागच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे कामाला लागले. पहिलं वर्षभर उस्तादांनी घड्याळाला हात लावू दिला नाही. डाव्या मनगटावर चहाने काठोकाठ भरलेली बशी ठेवून बसायचं. थेंब सांडला तर त्या दिवशी चहा नाही. "सहा महिने बिनचहाचा राहिलो," मेहबूबभाई सांगतात. आता वय सदुसष्ट, आणि त्या मनगटावर अजूनही बशी ठेवावी आणि खुशाल गावाला जाऊन यावं.

दुकानात आता बहुतेक कामं सेल बदलायची आणि पट्टे लावायची. पण आठवड्यात चार-पाच तरी चावीची घड्याळं येतात. कोणाच्या वडिलांचं, कोणाच्या लग्नातलं. ती आली की मेहबूबभाई शेजाऱ्यांशी हूं की चूं करत नाहीत. मला ते लगेच कळतं, कारण त्या दिवशी माझ्याशी भांडायला कोणी नसतं.

गेल्या हिवाळ्यात स्कूटरवरून घरी जाताना त्यांना चक्कर आली. पडले नाहीत, कडेला थांबले. पण मुलगा घाबरला. राहिल हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत आहे, बायकोबरोबर वाकडला राहतो. आई नसीमबानू आणि वडील कोंढव्यात. डॉक्टर म्हणाले, झोप नीट होते का ते बघा. राहिलने आपलं पळण्याच्या शर्यतीसाठी घेतलेलं घड्याळ वडिलांच्या डाव्या मनगटावर बांधलं. नाडी, पावलं, झोप, सगळं मोजतं, आणि आकडे राहिलच्या फोनवर जातात.

"कसं आहे?" मी विचारलं.

"वेळ सोडून बाकी सगळ्यात लक्ष घालतं," मेहबूबभाई म्हणाले. "तुमच्यासारखं."

जुलैच्या एका शनिवारी राहिल दुकानात आला. गुणी मुलगा, आवाज कधी चढवत नाही. त्याने फोन वडिलांसमोर धरला. "अब्बा, हे बघा. तुम्ही दुकानात झोपता. कधी एक तास, कधी दोन. रात्री सात-सात तास झोपूनही दिवसा झोप येते, आणि तसेच स्कूटर चालवता. एक दिवस काहीतरी होईल. मी दुकानाच्या मालकांशी बोललोय. एक तारखेला चावी देऊन टाकू."

मेहबूबभाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मला राहवलं नाही. मी माझ्या दुकानातूनच ओरडले, "अरे, मी दिवसभर बघते त्यांना! कधी झोपत नाहीत!"

"काकू," राहिल नम्रपणे म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना, अब्बा इतके गप्प बसतात की भीती वाटते?"

मी सांगितलं होतं. माझी जीभ एक दिवस मला विकून खाणार आहे.

राहिल गेला. मेहबूबभाईंनी चिमटा खाली ठेवला. मग मनगटावरचं घड्याळ कानाशी नेलं, सवयीने. अर्थात टिकटिक नव्हतीच. "तपासायला हवं," ते म्हणाले.

दुरुस्त केलेलं घड्याळ ते लगेच देत नाहीत. दहा दिवस ठेवतात. कधी आडवं, कधी उभं, कधी स्वतःच्या हातात, आणि रोज भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून वहीत लिहितात. "रोज तीन मिनिटं पुढे जाणारं घड्याळ वाईट नसतं, बाई. त्याची खोड कळली की तीन मिनिटं वजा करायची. याची खोड शोधू. दहा दिवस तुम्ही मला बघायचं आणि वेळ लिहायची."

"एकवीस वर्षं फुकट बघत आले," मी म्हटलं, "आता निदान लिहून तरी ठेवते."

झेरॉक्सच्या फुकट गेलेल्या कागदांच्या पाठीवर मी लिहीत गेले. अकरा वाजून दहा, भिंग लावलं. बारा वीस, भिंग काढलं, चहा मागवला. रोज संध्याकाळी ते कागद घेऊन जायचे आणि घड्याळाच्या पडद्यावर काय दिसलं ते शेजारी मांडायचे. अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी पूर्ण झालेला तक्ता माझ्या काउंटरवर ठेवला.

मी वाचला आणि टाळीच वाजवली. चावीच्या मनगटी घड्याळाचं काम असलेल्या सहाही दिवशी 'झोप' नेमकी भिंग लावलेल्या वेळात होती. भिंतीवरची घड्याळं उघडली, हात हलले, त्या दिवशी एक मिनिटही झोप नाही. मनगट स्थिर, नाडी संथ, म्हणजे माणूस झोपला, एवढंच त्या यंत्राला कळत होतं. बावन्न वर्षांचं कसब त्याने डुलकीत जमा केलं होतं.

"जिंकलात की हो!" मी म्हटलं. मग तक्त्याची उजवी बाजू पाहिली. तिथे रात्रीचा हिशोब होता. घड्याळ म्हणत होतं, सात तास दहा मिनिटं. सहा पन्नास. सात वीस. शेजारी मेहबूबभाईंच्या बारीक अक्षरात त्यांचा स्वतःचा आकडा: दीड तास. दोन. एक. दोन.

"हे काय?"

"अंथरुणात कधी पडलो, कधी उठलो, ते बरोबर धरतं. पाच-दहा मिनिटांचा फरक," ते म्हणाले. "मधलं त्याला कळत नाही."

"मधे तुम्ही काय करता?"

"पडून असतो. नसीमबानूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना. मी कूस बदलली की तिला जाग येते, आणि एकदा जाग आली की दुखणं तिला पुन्हा झोपू देत नाही. म्हणून हलत नाही. बशी ठेवल्यासारखा पडतो."

मला त्यांचा राग आला, खरंच आला. रोज काचेपलीकडे बसणारा माणूस रात्र-रात्र जागा होता आणि मी त्याला पट्ट्यांच्या किमतीवरून टोमणे मारत होते. मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. हा कागद राहिलने पाहिला तर दिवसाची झोप खोटी ठरेल, पण रात्रीचं जागरण उघडं पडेल. दीड तास झोपणारा माणूस स्कूटर चालवतो म्हटल्यावर तो एक तारखेचीही वाट बघणार नाही.

"मेहबूबभाई, उजवी बाजू झाकते आणि झेरॉक्स काढून देते. नुसता दिवसाचा तक्ता. यात खोटं काहीच नाही. धंदाच आहे माझा."

त्यांनी विचार केला. चांगला मिनिटभर केला. दुकान त्यांनाही हवंच होतं. मी मशीनचं झाकण उघडून उभी होते.

"नको," शेवटी ते म्हणाले. "काटे चालतात पण गजर वाजत नाही, असं घड्याळ मी गिऱ्हाईकाला सांगितल्याशिवाय देत नाही. हा तर मुलगा आहे."

मी झाकण आपटलं. या माणसाच्या खरेपणाने मला आजवर कितीदा वैताग दिला आहे, पण त्या दिवशी रडू आलं.

रविवारी पेठ बंद असते, तरी आम्ही दोघांनी दुकानं उघडली. राहिल आला. त्याने तक्ता उभ्याने वाचला, मग स्टुलावर बसून पुन्हा वाचला. डावी बाजू वाचताना तो हसला. "अब्बा, माझ्या कंपनीतही कोणी इतकं नीट टेस्टिंग करत नाही," म्हणाला. उजव्या बाजूला आल्यावर हसू गेलं.

"दीड तास? कधीपासून?"

मेहबूबभाई भिंगाची काच पुसत होते. "तू चावी द्यायची म्हणालास, त्या रात्रीपासून. आधी चार-पाच तास तरी लागायची."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू तर फोनमध्ये बघत होतास."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असावं. राहिलने तक्ता घडी घालून खिशात ठेवला. मी उगाच मशीनवर फडकं फिरवत होते. मग तो उठला, बाहेर गेला आणि फोन लावून आला. दुकान राहील, मालकांना त्याने तसं सांगितलं होतं. पण स्कूटर बंद. बसने यायचं, पाचला निघायचं, आणि डॉक्टरांना हा कागद दाखवायचा. घरी अम्मीच्या पलंगाशेजारी अब्बांसाठी वेगळी खाट येणार होती. मेहबूबभाईंनी स्कूटरवरून थोडा वाद घातला, रीत म्हणून. मग किल्ली टेबलावर ठेवली.

सोमवारी ते पावणेअकराला आले. बसने, घामाघूम, शर्टाची इस्त्री मोडलेली, आणि चेहरा असा की मी हातातलं काम सोडून बघत राहिले. पंचेचाळीस मिनिटं उशीर एकवीस वर्षांत कधी झाला नव्हता.

"खाट आली?"

"काल संध्याकाळीच आली. नसीमबानू म्हणते, रात्रभर घोरत होतो, लोळत होतो, उशी खाली पाडली. साडेआठला हलवून उठवलं." त्यांनी मनगट काचेला लावलं. "आणि हे बघा, साहेब काय म्हणतात."

मी चष्मा लावून वाचलं. झोप: असमाधानकारक. शंभरात एक्केचाळीस.

"नापास की हो!" मी म्हटलं. आम्ही दोघं इतकं हसलो की माझ्याकडे प्रबंधाच्या पाच प्रती काढायला आलेली मुलगी पुढच्या दुकानात निघून गेली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. राहिल होता. हेच एक्केचाळीस त्यालाही दिसलं असणार, मला वाटलं आता नवीन भानगड. मेहबूबभाईंचे हात कामात असतात म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि मी ऐकू नये असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

"अब्बा," राहिल म्हणाला, "फोनमध्ये काहीतरी आलंय, ते राहू दे. तुम्ही सांगा. रात्री झोप लागली?"

मेहबूबभाईंचं डावं मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेलं होतं, आणि ते हलत होतं. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"लागली, बेटा," ते म्हणाले. "खूप छान लागली."