हाताला लागेल तो कान

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या लहान गावात मार्लिस वर्षानुवर्षं बायाबापड्यांचे, म्हाताऱ्यांचे केस कापत आलेली. खुर्चीतलं माणूस गप्प झालं की काहीतरी बिनसलंय, हे तिला न सांगता कळायचं. त्या ऑक्टोबरात सगळेच गप्प बसू लागले.

तिची लेक क्रिस्टन दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या लाटेत, मोजक्याच मतांनी, राज्याच्या विधानसभेवर गेली होती. आता ती पुन्हा उभी होती, पण यंदा राष्ट्राध्यक्षांची निवडणूक नव्हती. राष्ट्राध्यक्षांवर खूश असलेले घरी बसणार आणि चिडलेले तेवढे रांगेत उभे राहणार, ही मार्लिसची धास्ती होती. कुणाच्या अंगणात क्रिस्टनच्या प्रचाराची पाटी दिसली नाही की ती गाडी हळू करून पुन्हा बघायची.

शेजारचे वर्लिनकाका ऐंशीच्या पुढचे. नजर अधू झाल्यापासून मार्लिसच त्यांना मतदानाला न्यायची. यंदा मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांचे केस कापताना तिने विचारलंच.

"काका, पाटी गॅरेजमध्येच ठेवलीत?"

"लावली तर खोटं होईल, पोरी."

कात्री थांबली. "काय वाईट केलं तिने तुमचं?"

"काही नाही. ओढ्यावरचा पूल तिनेच करून दिला. पण वॉशिंग्टनमधला तुमचा तो माणूस फार चढलाय. औषधं महाग, डिझेल महाग, वर तोरा. त्याचा कान पिळायला माझा हात पोचत नाही. क्रिस्टनचा हाताला लागतो."

"म्हणजे चूक त्याची आणि कान माझ्या लेकीचा."

"त्याच्या नावावर निवडून आली, तेव्हा नको म्हणालीस का? आणि माझा कान सांभाळ, कात्री तुझ्या हातात आहे."

सकाळी ती गाडी सुरू करून बसून राहिली. घसा धरलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. एक मत कमी झालं असतं. काका कोट घालून ओट्यावर उभे होते, भलत्याच दिशेला बघत. तिने हॉर्न दाबला.

"येशील असं वाटलं नव्हतं," काका बसता बसता म्हणाले.

"मलाही. क्रिस्टनला सांगू नका कुणी आणलं ते."

"मग काय सांगू?"

"चालत आलो म्हणा."

"या गुडघ्यांनी? तुझी पोर आहे ती, येडी नाही."

मतदान होतं त्या चर्चच्या हॉलची पायरी तिने त्यांना कोपराला धरून चढवली. शेजारच्या आडोशाला त्यांचं पेन मतपत्रिकेवर सावकाश घासत होतं. मार्लिसने क्रिस्टनच्या नावापुढचा गोल भरला, मग पुन्हा गिरवला, कागद फाटेल इतका काळा केला. कितीही गिरवला तरी ते एकच मत होतं.