सोनाबाईंनी कापलेला दोर

पुणतांब्याच्या सोनाबाई त्या दुपारी धावत आल्या नसत्या, तर आज कॉलेजात जाणारी माझी लेक मला दिसली नसती. सकाळी शेजाऱ्यांनी नवी ताडपत्री उलगडली, आणि तिच्या डांबरट वासानं मी पुन्हा त्या माळावर जाऊन उभी राहिले.

बहात्तरचा दुष्काळ. माझे यजमान बोअर घेणाऱ्या ट्रकवर कामाला होते. मी सातवीतून शाळा सोडलेली, कोकणातून प्रथमच इतकी लांब आलेली. ताडपत्रीची एक कड ट्रकला बांधून, दुसरी दोन बांबूंवर ताणून आम्ही राहत होतो. ट्रक आणि बांबू यांच्यामध्ये तान्ह्या लेकीची झोळी टांगलेली.

अचानक वारा उठला. डोळ्यांत धूळ, कानांत नुसती फडफड. ट्रकमालकाची ताडपत्री फाटेल म्हणून मी दोर हाताला गुंडाळून लोंबकळले. बांबू उखडत होता, झोळी भेलकांडत होती, आणि मी दोरच धरून!

"अगं येडे, कापड काय धरतीस? लेकरू काढ आधी!" शेजारच्या वस्तीवरून सोनाबाई विळा घेऊनच धावत आल्या.

मी हाताचा दोर सोडवून लेकीला उचललं. त्यांनी सपासप दोर कापले. ताडपत्री ट्रकवर जाऊन आपटली, आणि बांबू झोळीवर कोसळला.

"मालक ओरडेल हो," मी रडत म्हणाले.

"वरडू दे. म्हनावं, सोनाबाईनं कापलं."

तेव्हा मला खरंच मालकाचीच भीती वाटत होती. आता मात्र त्या रिकाम्या झोळीच्या आठवणीनं अंगावर काटा येतो. सोनाबाई आता थकल्या असतील. लेकीला घेऊन मी पुणतांब्याला जाणार, चार दिवस राहून त्यांचं सगळं माझ्या हातानं करणार.