कुजलं काय, राहिलं काय
काल गॅलरीतल्या कुंडीची माती बदलताना चॉकलेटचा चकचकीत कागद हाताला लागला आणि खरवईच्या शाळेमागचा वाफा आठवला. पहिलीच्या मुलांनी तिथे केळ्याची सालं आणि वेफर्सचं पाकीट पुरलं होतं. महिन्याभराने उकरलं, तर सालांची माती झालेली, पाकीट जसंच्या तसं. “प्लास्टिक कुजत नाही,” मी सांगितलं. मुलं पाकिटासाठी ओढाताण करत होती. एक मुलगी तेवढी माझ्याजवळ आली. “टीचर, आमच्या बाळाला पुरलं ना, तेव्हा मम्मीने त्याचा खुळखुळा पण ठेवला. प्लास्टिकचा. तो असेल ना अजून?” अंबरनाथच्या कंपन्यांचा उग्र वास वाऱ्यावर येत होता. “हो, असेल,” मी म्हटलं आणि सगळ्यांना हात धुवायला पाठवलं. काल नवी माती भरताना तो कागद मी परत कुंडीतच ठेवला.