शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले

खरातबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी एक निकालपत्र टाइप करत होतो. पडेगावच्या घरी, सकाळचा चहा घेता घेता हार्ट अटॅक... जज्जसाहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं आणि लगेच पुढची केस पुकारली. मला राग आला. अजून गेलेला नाही.

मी सेशन कोर्टातला स्टेनो, बाई आरोपींच्या वकील. आमची ओळख भांडणातून झाली. गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा देण्याआधी आरोपीला विचारावं लागतं, तुला काय म्हणायचंय? त्याच्या उत्तराचा परिच्छेद माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असे : 'शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले. आरोपी गरीब असून घरातला एकमेव कर्ता पुरुष आहे. दया दाखवावी.' एकदा तो मी एका बाईच्या निकालात चिकटवला. खरातबाई कागद नाचवत आल्या. "भाऊ, माझी आशील पुरुष कवा झाली?" मी हसलो, त्या नाही हसल्या. "गुन्हा केला का, ते ठरवायला वर्षं लावता; आन् माणूस कसाय, ते जेवणाच्या सुट्टीत उरकता व्हय?"

बाई शिक्षेआधी चार दिवस मागायच्या. एसटीनं आरोपीच्या गावी जायच्या, शेजारी, मास्तर, दिसेल त्याला विचारत फिरायच्या. पण ते चार दिवस बहुतेकदा मिळायचेच नाहीत. त्यांच्या शेवटच्या केसमध्येही तेच झालं. अजिंठ्याकडच्या एका तरुणानं बांधाच्या भांडणात चुलत्याला काठीनं मारलं, चुलता दगावला. खटलाभर तो एकच सांगत राहिला, मी तिथं नव्हतोच. बाईंनी वेळ मागितला, जेवणानंतरचा मिळाला. शिक्षा झाली सात वर्षं. "अपिलाआधी गावात जाऊन येते," एवढंच म्हणाल्या... जाणं झालंच नाही.

तीन आठवड्यांनी त्याची आई बाईंना शोधत कोर्टात आली. तिला मलाच सांगावं लागलं. ती बाकावर बसली. मग म्हणाली, "हाणलं त्यानंच, भाऊ. पण चुलत्याला पाठीवर घेऊन डांबरीपस्तोर पळाला बी त्योच. लई रडत व्हता."

"मावशी, हे कोर्टात का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं तर गुन्हा कबूल व्हतो, असं समदे म्हणले. आन् नंतर कुणी इचारलंच नाय."

विचारलं होतं, ऐकलंही होतं, असं निकालात लिहिलंय. मीच लिहिलंय.

खरं तर हे काम बाईंचं. स्टेनोनं असलं काही लिहून घ्यायचं नसतं, आणि साहेब आत बसलेले. मी वही उघडली आणि तिच्या शेजारी बसलो. "मावशी, पहिल्यापासून सांगा."