हात करणाऱ्या काकू

जी बस कधीच थांबत नव्हती, तिला काकू रोज हात करत. झुंजुमुंजू होताच डोक्यावरून पदर घेऊन, काखेत कापडी पिशवी मारून त्या रस्त्याच्या कडेला अशा उभ्या राहत, की पाहणाऱ्याला वाटावं, यांची गाडी आता चुकतेच. मझौलीहून आलेली बस आमच्या गावाच्या तोंडावरून तशीच पुढे सिहोऱ्याकडे, जबलपूरकडे निघून जाई. काकू तोंडावरची धूळ पदरानं पुसत आणि घरी परतत. कोणी हसलं तर म्हणत, "नाही थांबली तं नाही थांबली. ओळख तं ठेवली पाहिजे."

आणि खरंच ओळख झाली. काही महिन्यांनी ड्रायव्हर आमच्या गावाशी आला की हॉर्न वाजवू लागला. बस थांबत नसे, पण हॉर्न न चुकता वाजे. काका, म्हणजे काकूंचे यजमान, ओट्यावरून ओरडत, "हॉर्न झाला तुझा, आता चहा टाक!" काकू म्हणत, "तुमच्यापेक्षा तोच बरा. रोज आवाज तं देते."

मला हे सगळं नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. गावात मराठी घरं दोन, आमचं आणि काकूंचं. दोघांचेही पूर्वज कधीकाळी मराठी अमलात चाकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. बाबा जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. लढाईच्या दिवसांत फॅक्टरीचा भोंगा रात्रंदिवस वाजे. बसच्या दिव्यांची वरची अर्धी बाजू काळी रंगवलेली होती आणि आत आसपासच्या गावांतले कामगार खचाखच भरलेले. बाबा इतर माणसांबरोबर तिकडेच एका खोलीत राहत आणि शनिवारी घरी येत.

बसचा थांबा होता नाल्यावरच्या रपट्याच्या, म्हणजे बुटक्या फरशीपुलाच्या पलीकडे, मोठ्या गावात, मालगुजारांच्या वाड्याच्या फाटकाशी. बाबा तिथं उतरून तेवढाच रस्ता मागं चालत घरी येत. माझी शाळाही त्याच गावात होती, पण शाळा दिवसाची. बस जाई पहाटे आणि परते दिवेलागणीनंतर. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहे. बस त्यातून हळूहळू निघून जाई, माणसाचे पाय मात्र ठरत नसत. दिवाळीत मी भीतभीत जबलपूरच्या कॉलेजचं नाव काढलं, तेव्हा बाबा म्हणाले, "अंधारात रपटा ओलांडून पोरीला पाठवू? आपल्याकडे बस थांबू दे, मग पाहू." बस थांबणार नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. मी मान खाली घालून भांडी घासायला बसले.

काकू तिथंच शेंगा सोलत होत्या. त्या बाबांना एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, शब्द ध्यानात ठेवा बरं."

पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्या बैलगाडीनं सिहोऱ्याला गेल्या आणि बसमालकाच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मीही बरोबर होते. मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "काकी, रोकूं तो कहां रोकूं? चार गांव चार जगह बुलाते हैं. मेरी बस है कि तांगा? पहले आप लोग एक जगह तय कर लो."

मग चारही गावांतले पुरुष जमले. तंबाखू मळली गेली, आवाज चढले. शेवटी प्रत्येकजण आपलाच थांबा घेऊन घरी गेला. काकू म्हणाल्या, "बाप्यांना विचारलं की ज्याच्या-त्याच्या दारातच दुनियेचा मधोमध येते."

संक्रांत आली. काकूंनी त्या वर्षी हळदीकुंकू घरी केलं नाही, रस्त्यावर ठेवलं. चारही गावांत निरोप धाडला, शनिवारी दुपारी आपापल्या गावातून निघा, रस्त्याला लागा आणि दुसऱ्या गावच्या बाया भेटेपर्यंत चालत राहा. सगळ्या भेटल्या की तिथंच बसायचं. अट एकच, म्हाताऱ्यांना आणि पोटुशींना कोणी घाई करायची नाही, सगळ्यांनी त्यांच्याच चालीनं चालायचं. ज्यांना एरवी हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, त्या बायांनाही काकूंनी मुद्दाम बोलावलं. कोणी नाक मुरडलं तर म्हणाल्या, "काहून? त्यायले रस्ता लागत नाही का?"

हळदीकुंकू म्हणजे नेमकं काय हे इकडच्या बायांना धड माहीत नव्हतं. पण मराठीण काकी सगळ्यांना काहीतरी वाण देणार, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. सासवा आल्या, सुना आल्या, कडेवरची पोरं आली. लग्नातली लुगडी पेटीतून बाहेर निघाली.

मी तिळाच्या लाडवांची परात घेऊन काकूंबरोबर चालत होते. चालता चालता आमचं गाव मागं पडलं. समोरच्या बाया दिसत होत्या, पण फार हळू येत होत्या. त्यांच्यात म्हाताऱ्या जास्त. मी म्हटलं, "काकू, आपलं गाव तर दूर राहिलं."

"राहू दे. आपले पाय धड आहेत."

गाठ पडली ती रपट्याच्या अलीकडेच, एका मोहाच्या झाडाखाली. तिथं घर नव्हतं, दार नव्हतं, कोणाचंच काही नव्हतं. त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. बाया बसल्या, कुंकू लागलं, लाडू वाटले गेले. एका आजीनं ढोलक आणली होती. कोणीतरी गाणं धरलं आणि बघता बघता अर्धा रस्ता अडला.

लढाई संपल्यावर शनिवारी फॅक्टरी लवकर सुटू लागली होती. बस उजेडात परतली. ड्रायव्हरनं लांबून नटलेल्या बाया, परात, ढोलक पाहिली आणि करकचून ब्रेक मारला. कंडक्टर उडी मारून खाली आला.

"बारात कहां जाएगी? छत पर भी जगह है!"

"बारात नाही रे भैया, हल्दी-कुंकू है," काकू म्हणाल्या. "कहीं नहीं जाना. तू लाडू खा."

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. कंडक्टर बिचारा लाडू हातात घेऊन उभा. काकूंनी बसच्या नाकावर ठसठशीत हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरकडे वर पाहिलं. तोही हसत होता. "तो आप हो, हाथ दिखानेवाली काकी!"

"मीच ती. मालक को बोल, जगह तय हो गई."

बसमधले कामगार खिडक्यांतून वाकून लाडू मागत होते. त्यांच्यातच मागच्या दारातून, डबा हातात धरून, बाबा खाली उतरले. बायांत बसलेल्या आईनं त्यांना पाहिलं आणि कपाळावर पदर ओढला. काकूंनी त्यांच्या हातावर लाडू ठेवला. "भाऊजी, उतरलात ना? मग बस थांबली म्हणायची."

बाबांनी बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुमच्याशी बोलायचीही सोय नाही," ते म्हणाले आणि लाडू खाल्ला. मी परात खाली ठेवली. बाबांच्या हातातला डबा घेतला.

मालकानं शब्द पाळला. जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी मोहाखाली चारही गावांतले कामगार होते, दुधाच्या कॅनवाले होते आणि काकूही होत्या, काखेत पिशवी घेऊन. त्यांनी हात केला. बस थांबली. मी चढले. कंडक्टर म्हणाला, "चलो काकी, बैठो."

"मला कुठं जायचं आहे?" काकू म्हणाल्या. "मी तं थांबते का ते पाहून राहिली होती."

मला तेव्हा कुठे कळलं की त्या पिशवीत कधीच काही नसे.

या उन्हाळ्यात काकूंचा नागपूरचा मुलगा आला आणि काका-काकू दोघांना तिकडे घेऊन गेला. त्या दिवशी काकू पहिल्यांदा बसमध्ये चढल्या. सगळी बस वळून पाहू लागली. त्या खिडकीशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "आतून कशी दिसते ते आत्ता कळलं. लई हलते गं!" स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडले. रडायचं नाही असं ठरवलं होतं. पण रडले.

आता नवा कंडक्टर आहे. त्यानं काकूंना पाहिलेलं नाही. तरी संध्याकाळी मोह जवळ आला की तो दार वाजवून ओरडतो, "हल्दी-कुंकूवाले, उतरो!" कामगार डबे घेऊन उतरतात. मी सगळ्यांच्या शेवटी उतरते, आणि बस निघाली की तिला हात करते.

ड्रायव्हर अजून हॉर्न देतो.